सगळ्या देवांत नावडता: आरेसची बाजू

ओसरी

परवा रात्री ग्रीक कवी होमरचं इलियड, ट्रॉयच्या युद्धाचं महाकाव्य, पुन्हा हातात घेतलं आणि पाचव्या सर्गात अडकलो. ज्यांनी वाचलेलं नाही त्यांच्यासाठी आधी प्रसंग सांगतो.

ट्रॉयच्या मैदानात युद्धदेव आरेस स्वतः उतरलाय, ट्रोजनांच्या बाजूने. समोर ग्रीकांकडचा डायोमिडीस, साधा मर्त्य माणूस. आरेसची बहीण, देवी अथेना, डायोमिडीसच्या सारथ्याला खाली उतरवते आणि लगाम स्वतःच्या हातात घेते. आरेसला आपण दिसू नये म्हणून पाताळदेव हेडीसचं शिरस्त्राण डोक्यावर चढवते, आणि डायोमिडीसचा भाला स्वतः रेटून आरेसच्या ओटीपोटात घुसवते. आरेस ओरडतो तो नऊ-दहा हजार माणसांनी एकदम आरोळी ठोकावी तसा. दोन्हीकडची सैन्यं चळाचळा कापतात. मग तो ऑलिंपसवर जाऊन बापाला जखम दाखवतो. बाप म्हणजे झ्यूस. तो म्हणतो, माझ्याजवळ बसून कुरकुर करू नकोस, दलबदलू कुठला. इथल्या सगळ्या देवांत मला तुझाच तिटकारा जास्त.

झालं. हे एक वाक्य आरेसच्या कपाळी जे चिकटलं ते आजवर निघालेलं नाही. अथेना म्हणजे डोक्याने लढणारी, आरेस म्हणजे नुसता रक्ताला चटावलेला दांडगट, अशी वाटणी शाळेच्या पुस्तकांपासून व्हिडिओगेमपर्यंत सगळीकडे होऊन बसली आहे. मीही तीच घोकत आलो. या वेळी मात्र मागचे-पुढचे सर्ग सावकाश वाचले आणि शंका यायला लागली.

युद्ध थांबायची वेळ आली होती. तिसऱ्या सर्गात ट्रॉयचा राजपुत्र पॅरिस आणि ज्याची बायको त्याने पळवली तो ग्रीक राजा मेनेलाउस यांनी एकास एक लढून निकाल लावायचा असं ठरलं, शपथा झाल्या. तह मोडला कोणी? चौथ्या सर्गात हेरा हटून बसते की ट्रॉय जळलंच पाहिजे. बदल्यात ती झ्यूसला आपली तीन लाडकी शहरं देऊ करते: आर्गॉस, स्पार्टा, मायसीनी. वाटेल तेव्हा धुळीला मिळव, मी आड येणार नाही. नवरा-बायकोचा सौदा ठरतो. मग अथेना माणसाचं रूप घेऊन पँडारस नावाच्या धनुर्धाऱ्याचे कान भरते, तो मेनेलाउसवर बाण सोडतो आणि पुन्हा कापाकापी सुरू. या सगळ्या कारस्थानात आरेस कुठेही नाही. आणि नंतर झ्यूस त्यालाच सुनावतो की तुला भांडणंच प्यारी!

पाचव्या सर्गाच्या सुरुवातीचाच प्रकार बघा. अथेना आरेसचा हात धरून त्याला लढाईतून बाहेर नेते, आपण दोघंही लांब राहू, बाबांचा राग नको म्हणते, आणि स्कामांडर नदीकाठी बसवते. हा बापडा बसतो. तिथे जखमी झालेली प्रेमदेवता अफ्रोडायटी येते, त्याचा रथ मागते. तो काही न विचारता देऊन टाकतो. अथेना मात्र परत मैदानात हजर.

मला सगळ्यांत जास्त लागला तो पंधराव्या सर्गातला प्रसंग. आरेसचा मुलगा अस्कालाफस लढाईत मेलाय आणि बापाला पत्ताच नाही, कारण झ्यूसच्या हुकमाने देवांना मैदानात जायला बंदी. हेरा भर बैठकीत टोमणा मारल्यासारखी ती बातमी सांगते. आरेस दोन्ही मांड्यांवर हात आपटतो, आणि झ्यूसची वीज अंगावर पडून प्रेतांत पडून राहायची वेळ आली तरी चालेल, मी जाणार म्हणतो. अथेना धावत येऊन त्याचं शिरस्त्राण, ढाल, भाला काढून घेते. तिचं सांत्वन असं: त्याच्याहून चांगले मेलेत आणि मरतील, सगळ्यांची पोरं कुठे वाचवत बसणार!

पुढच्याच सर्गात झ्यूसचा स्वतःचा मुलगा सार्पेडॉन मरायला टेकतो तेव्हा झ्यूस आभाळातून रक्ताचे थेंब पाडतो. त्याला कोणी रडका म्हणत नाही.

तर प्रश्न असा: आरेस खरंच इतका टाकाऊ होता, की जिंकणाऱ्या बाजूच्या कवीने लढाईची सगळी घाण त्याच्या अंगावर ढकलली? जाणकारांनी लिहावं. चुकत असेन तर कान धरा.

तिरपागडा

लेख आवडला, पण वकिली जरा जास्तच झाली आहे. झ्यूस त्याला दलबदलू म्हणतो ते उगाच नाही. आरेसने हेरा आणि अथेनाला शब्द दिला होता की ग्रीकांच्या बाजूने लढेन. मग टोपी फिरवली. अथेना त्याच सर्गात डायोमिडीसला हे स्पष्ट सांगते. शब्द मोडणाऱ्याची बाजू घ्यायची तर आधी हे खोडून दाखवा.

आणि झ्यूसचं बोलणं अर्धंच दिलंत. पुढे तो म्हणतो की तू माझंच पोर आहेस, तुला फार वेळ कळा सोसू देणार नाही. लगेच देवांचा वैद्य बोलावतो. अंजिराचा चीक टाकला की दूध कसं झपाट्याने घट्ट होतं, तशी जखम भरते. तारुण्यदेवता हीबी त्याला आंघोळ घालते, चांगले कपडे चढवते आणि गडी पुन्हा बापाच्याच शेजारी ऐटीत जाऊन बसतो. एवढी बदनामी आमच्या वाट्याला आली तरी चालेल.

ओसरी

@तिरपागडा, अंजिराच्या चिकाची आठवण करून दिलीत, दंडवत. ती उपमा मीच गाळली, कारण ती माझ्या बाजूला मदत करत नव्हती. :)

शब्द मोडण्याबद्दल मान्य. ते खोडता येत नाही. पण त्या शिवीसाठीचा ग्रीक शब्द बघा: आल्लोप्रोसाल्लोस. कधी याच्याकडे, कधी त्याच्याकडे. मला वाटतं ही आरेसची खोड कमी आणि लढाईचं वर्णन जास्त आहे. अठराव्या सर्गात ट्रॉयचा सेनापती हेक्टर म्हणतो की एनुआलिओस (हे आरेसचंच दुसरं नाव) सगळ्यांना सारखा, मारणाऱ्यालाही तो मारतो. तीच गोष्ट झ्यूसच्या तोंडी शिवी होते आणि हेक्टरच्या तोंडी साधं सत्य. आणि हेक्टर ते बोलतो तेव्हा स्वतः मारणारा असतो. चार सर्गांनी तो मेलेला असतो.

कोकमकढी

अरे वा, हा विषय इथे! माझी लेक अकरावीत आहे. तिच्या मोबाईलवर आरेस सध्या हिरो आहे. "आई, सगळ्या ग्रीक देवांत हा एकटाच सभ्य. याने कधी कुठल्या बाईवर जबरदस्ती केली नाही, उलट मुलीवर हात टाकणाऱ्याला ठार मारलं, आणि बायका याची पूजा करायच्या." मी म्हटलं इतका गुणी आहे तर मग पत्रिका बघू. गंमत सोडा, यात तथ्य किती?

जुनी_दौत

यातलं निम्मं खरं आहे, आणि ते निम्मं जास्त रंगतदार आहे.

मुलीची गोष्ट अशी. अथेन्समध्ये आरेसला अग्लाउरसपासून अल्किप्पी नावाची मुलगी होती. समुद्रदेव पॉसायडनचा मुलगा हॅलिरोथियस तिच्यावर बळजबरी करायला गेला. आरेसने त्याला जागीच ठार केलं. पॉसायडनने खटला भरला, अॅक्रोपोलिसच्या शेजारच्या टेकडीवर देवांचं पंचमंडळ बसलं आणि आरेस निर्दोष सुटला. म्हणून त्या टेकडीचं नाव आरिओस पागोस, आरेसची टेकडी. अथेन्सचं खुनाचे खटले चालवणारं न्यायपीठ तिथेच बसायचं. आज ग्रीसच्या सर्वोच्च न्यायालयाचं नावही तेच आहे. दांडगटाच्या नावाने न्यायालय, हे जरा चघळून बघा. आणि सूड घेऊन तो पळून गेला नाही. आरोपीच्या जागी उभा राहिला. ऑलिंपसवर हे किती जणांना जमलं असतं?

(इस्किलसने मात्र ख्रिस्तपूर्व ४५८ च्या नाटकात नावाची वेगळीच व्युत्पत्ती दिली आहे: अॅमेझॉन बायकांनी अथेन्सवर स्वारी केली तेव्हा त्या टेकडीवर आरेसला बळी दिले. त्याच्या नाटकात तिथला पहिला खटला आईला मारणाऱ्या ओरेस्टीसचा. म्हणजे आरेसचा खटला सगळ्यांनाच सोयीचा नव्हता.)

आता बायकांच्या पूजेचं. दुसऱ्या शतकात पॉसेनियस नावाचा गृहस्थ ग्रीसभर देवळं बघत हिंडला आणि सगळं लिहून ठेवलं. आर्केडियातल्या तेगिआ गावच्या बाजारपेठेत त्याने आरेसची कोरीव शिळा पाहिली. तिथल्या आरेसला 'गिनाइकोथॉइनास' म्हणत, साधारण अर्थ बायकांना जेवण घालणारा, किंवा बायकांनी ज्याला जेवू घातलं तो. स्पार्टाच्या राजाने स्वारी केली तेव्हा गावच्या बायकांनी शस्त्रं घेतली, टेकडीखाली दबा धरला आणि ऐन वेळी बाहेर पडून स्पार्टनांना पळवून लावलं. मग त्यांनी आरेसला विजयाचा बळी दिला आणि त्या मटणाचा एक तुकडासुद्धा पुरुषांना दिला नाही!

पण मुलीला हेही सांगा. ओसरींनी ज्याच्यासाठी इतके अश्रू ढाळले त्या अस्कालाफसच्या जन्माची गोष्ट इलियडच्या दुसऱ्या सर्गात दोन-तीन ओळींत आहे. त्याची आई अस्तिओखी, लाजरीबुजरी कुमारिका. ती माडीवरच्या खोलीत गेली आणि आरेस चोरून तिच्याजवळ निजला. तिची इच्छा होती की नव्हती, कवी सांगत नाही. बाकी देवांच्या गोष्टी ज्या भाषेत सांगतात त्याच भाषेत ही सांगितली आहे. लॅकोनियातल्या गेरोन्थ्री गावी तर आरेसच्या वार्षिक उत्सवात बायकांना त्याच्या देवराईत पाऊल टाकायला बंदी. एका गावात पुरुषांना मटण नाही, दुसऱ्या गावात बायकांना प्रवेश नाही. 'स्त्रियांचा कैवारी' ही उपाधी मोबाईलवाल्या पिढीची आहे.

कोकमकढी

लेकीला वाचून दाखवलं. माडीवरच्या खोलीचं ऐकून दोन मिनिटं गप्प बसली. मग म्हणाली, "पण मटणाचं खरं आहे ना?" रविवारी आमच्याकडे काय होणार आहे ते मला दिसतंय.

गावठी_लिंबू

गेरोन्थ्रीचं वाचून आपला कार्तिकेय आठवला. तोही देवांचा सेनापती आणि आपल्याकडे त्याचं दर्शन बायकांनी घ्यायचं नाही म्हणतात. दोघांचा काही संबंध असेल का?

जुनी_दौत

गावठी_लिंबू, मोह होतो, पण दोन गावांत एकसारखी बंदी दिसली म्हणून नातं लागत नाही. कार्तिकेय दक्षिणेत मुरुगन होतो तेव्हा दोन बायकांसह उभा असतो आणि तिथे अशी आडकाठी नाही. हे सूत नको ओढायला.

घोंगडं

आमाला लहानपनी ग्रीक म्हंजे सिकंदर एवडंच म्हाईत. लई भारी चाललाय धागा. एक इचारायचं हुतं. जर ह्यो देव इतका नावडता, तर लोक त्याची देवळं तरी बांदायचे का? का नुस्तं पुस्तकातच?

जुनी_दौत

घोंगडंराव, मुद्द्याचं विचारलंत. वर्षानुवर्षं पुस्तकांत हेच लिहायचे की आरेस मुळात उत्तरेकडचा थ्रेसचा परका देव, ग्रीकांनी नाइलाजाने घेतला, म्हणून देवळं कमी. होमरच त्याला थ्रेसला धाडतो, त्यामुळे ते पटायचंही.

मग १९५२ मध्ये मायकेल व्हेंट्रिसने क्रीट बेटावरच्या मातीच्या पाट्यांवरची लिपी उलगडली. तिथल्या क्नोसॉसच्या एका पाटीवर देवांची नावं आहेत: अथेना, एनुआलिओस, पायावोन, पॉसायडन. होमरच्या कितीतरी शतकं आधीची पाटी. दुसऱ्या एका पाटीवर 'आरे' असंही नाव आहे, त्यावर अभ्यासकांची घासाघीस चालते. पण एनुआलिओस पक्का. म्हणजे हा घरातलाच. लढाई ही परक्यांची सवय आहे, आमची नाही, असं म्हणायला थ्रेस सोयीचं पडत असावं.

देवळं झ्यूस-अपोलोच्या तुलनेत कमी होती हे खरं. पण होती. अथेन्सच्या उत्तरेला अखार्नाई गावात आरेसचा पुजारी असायचा. तिथे ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकातली एक शिळा मिळाली. अथेन्सची तरुण पोरं सैन्यात दाखल होताना जी शपथ घ्यायची ती तिच्यावर कोरली आहे. आपल्या पवित्र शस्त्रांना काळिमा लावणार नाही, रांगेत शेजारच्याला सोडणार नाही, वगैरे. शेवटी साक्षीदार देवांची यादी, त्यात एनुआलिओस आहे आणि आरेसही आहे. आणि त्याच यादीच्या शेपटाला देशाच्या सीमा, गहू, जव, द्राक्षवेली, ऑलिव्ह, अंजीर! पोराने शपथ घ्यायची ती आरेसच्या आणि शेतातल्या गव्हाच्या साक्षीने. ती शिळा बसवणारा पुजारी आरेस आणि 'अथेना आरेइआ' या जोडीचा होता. पुस्तकात जे एकमेकांचे हाडवैरी, ते गावच्या देव्हाऱ्यात शेजारी बसलेले.

आणखी एक. अथेन्सच्या मुख्य चौकात आरेसचं मोठं संगमरवरी देऊळ होतं, पण ते मूळचं तिथलं नाही. ख्रिस्तपूर्व पाचव्या शतकात दुसरीकडे बांधलेलं देऊळ रोमन काळात, ऑगस्टसच्या सुमारास, चिऱ्यावर चिरा खुणेची अक्षरं कोरून सुटं केलं आणि चौकात आणून पुन्हा उभं केलं. पाया सापडला तो पल्लिनी गावात, आणि तिथे ते अथेनाचं देऊळ होतं! शेवटी तिच्या घरात हा राहायला गेला.

ओसरी

@जुनी_दौत, हा प्रतिसाद वेगळा धागा म्हणून टाका, विनंती.

स्पार्टात एनुआलिओसच्या मूर्तीला बेड्या घातल्या होत्या ना? तेही पॉसेनियसच सांगतो.

जुनी_दौत

हो. जुनी मूर्ती, पायात बेड्या. पॉसेनियसचा खुलासा असा की त्याने स्पार्टा सोडून जाऊ नये. अथेन्सवाल्यांनी विजयदेवता बिनपंखांची केली, ती उडून जाऊ नये म्हणून, तसंच. आपल्याकडे निकाल लागेपर्यंत देव पाण्यात घालून बसतात, स्पार्टावाल्यांनी बेड्या घालून ठेवला. देवाला वेठीला धरायची कला सगळीकडे सारखी.

याच्या अगदी उलट बेड्या आजच्या तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावर स्येद्रा गावात. समुद्री लुटारूंनी जीव नकोसा केला म्हणून गावाने क्लारोसच्या देवस्थानाला कौल लावला. कौल मिळाला: गावाच्या मध्यभागी आरेसची मूर्ती बसवा. देवांचा दूत हर्मीस याने त्याला लोखंडी साखळ्यांत जखडलंय आणि न्यायदेवता डिकी त्याचा निवाडा करते आहे, अशी. तो गयावया करताना दाखवा. स्पार्टाने बांधला तो जाऊ नये म्हणून, यांनी बांधला तो येऊ नये म्हणून.

तिरपागडा

बेड्यांवरून रांजण आठवला. ओटस आणि एफिआल्टीस या दोन राक्षसी भावांनी आरेसला काशाच्या रांजणात तेरा महिने कोंडलं. पोरांच्या सावत्र आईने हर्मीसला सांगितलं, त्याने चोरून सोडवला तेव्हा आरेस अगदी गळाठलेला. इलियड, सर्ग पाच, म्हणजे तुमचाच लाडका सर्ग. युद्धदेवाची ही अवस्था! याची ओसरी काय वकिली करणार?

आणि नेटवर या गोष्टीला शेपूट लावतात की त्या तेरा महिन्यांत जगात शांतता होती. होमर असं कुठेही म्हणत नाही. उगाच गोड करू नका.

ओसरी

शांततेचं शेपूट मूळ गोष्टीत नाही, सहमत. मीही ते शोधलं आणि मिळालं नाही.

पण याच्या जोडीला सिसिफसची गोष्ट ठेवा. सिसिफसने मृत्यूलाच, थॅनाटॉसला, साखळीने बांधून ठेवलं. कोणी मरेचना. थॅनाटॉसला सोडवलं कोणी? आरेसने. आणि सिसिफसला त्याच्या ताब्यात दिलं. जो स्वतः रांजणात गळाठला त्यानेच मृत्यूची सुटका केली, ही जुळणी मला फार आवडते. वकिली नाही, नुसती आवड.

ठिगळ

उशिरा आले. एवढ्या लांबलेल्या धाग्यात जाळ्याची गोष्ट अजून कोणीच कशी काढली नाही?

होमरच्याच दुसऱ्या महाकाव्यात, ओडिसीच्या आठव्या सर्गात आंधळा गायक डेमोडोकस गातो ती. अफ्रोडायटी लंगड्या लोहारदेव हेफेस्टसची बायको, आरेस तिचा यार. सूर्यदेव चहाडी करतो, हेफेस्टस पलंगाभोवती कोळ्याच्या जाळ्याहून बारीक, डोळ्यांना न दिसणारं जाळं टांगतो, दोघं त्यात अडकतात आणि सगळे देव बघायला जमतात. देवी मात्र लाजून घरीच राहतात. खो-खो हसतात ते पुरुष देव. अपोलो हर्मीसला विचारतो, असा बांधला गेलास तरी चालेल का रे, अफ्रोडायटीशेजारी? हर्मीस म्हणतो, याच्या तिप्पट साखळ्या असू देत आणि देवींनाही बघायला बोलवा, तरी मी तयार! पॉसायडन तेवढा हसत नाही. तो दंडाला जामीन राहून आरेसला सोडवतो.

आरेसच्या तोंडी पकडला गेल्यानंतर एकही वाक्य नाही. सुटला की थेट थ्रेस. ती पाफोसला. बदनामी झाली म्हणावं, तर बघणाऱ्यांना हेवाच वाटत होता. त्या दोघांच्या मुलांची नावं कवी हेसिअडने दिली आहेत: फोबोस म्हणजे भीती, डेइमोस म्हणजे दहशत, आणि हार्मोनिया. ही तिसरी थीब्सच्या कॅडमसला दिली. आरेस म्हणजेच रोमनांचा मार्स, मंगळ; असाफ हॉलने १८७७ मध्ये मंगळाचे दोन चंद्र शोधले, त्यांना दोन्ही मुलगे मिळाले. मुलीला मंगळाभोवती जागा नाही.

आता माझ्या आवडीचं. आरेसबद्दल सगळ्यांत कडक जर कोणी लिहिलं असेल तर इस्किलसने, 'अगामेम्नॉन' नाटकात, आणि तिथे एकही शिवी नाही. तो म्हणतो, आरेस हा देहांचा सराफ. भाल्यांच्या गर्दीत तराजू धरून बसलेला. माणसं घेतो आणि ट्रॉयहून घरच्यांना परत पाठवतो ती राख, कलशात नीट भरून, जड, अश्रूंनी भिजलेली. लोक कलशाला बघून म्हणतात, हा लढाईत पटाईत होता, तो वीरासारखा पडला. मग कोणीतरी हळूच पुटपुटतं, दुसऱ्याच्या बायकोपायी. सराफ हा शब्द मी मुद्दाम वापरला. मूळ शब्दाचा अर्थही सोन्याची अदलाबदल करणारा असाच आहे. सराफाचा कोणावर राग नसतो, तो फक्त वजन करतो.

म्हणून ओसरींशी थोडी असहमत. कवींनी घाण त्याच्यावर ढकलली म्हणता, पण इस्किलसचा कोरस (नाटकातला गायकवृंद) बोट दाखवतो ते युद्ध पुकारणाऱ्या दोन राजांकडे.

ओसरी

ठिगळ, यावर मला दोन दिवस द्या.

तिरपागडा

ओसरींनी मुदत मागितली! वाचनखूण साठवली. :) कृपया हलके घ्या.

भरड

मी फक्त वाचक असते, पण एका गोष्टीवर बोलायलाच हवं. आरेस आपल्याकडेही येऊन गेलाय, आणि नाव बदलून नाही, नावासकट.

वराहमिहिराच्या बृहज्जातकात, सहावं शतक, ग्रहांची पर्यायी नावं दिली आहेत. सूर्याला हेलि, शुक्राला आस्फुजित्, शनीला कोण, आणि मंगळाला 'आर'. हेलि म्हणजे हीलिओस, आस्फुजित् म्हणजे अफ्रोडायटी, कोण म्हणजे क्रोनॉस. आणि आर म्हणजे आरेस. होराशास्त्राबरोबर ही नावं यवनांकडून, म्हणजे ग्रीकांकडून आली आणि संस्कृत श्लोकांत अशी बसली की पाठ करणाऱ्याला शंका येत नाही. माझे आजोबा पंचांग बघायचे. त्यांच्या तोंडून 'आर' मी शंभरदा ऐकला असेल, वक्र, क्रूरदृक् वगैरे मालिकेत. तो होमरचा आहे हे मला चाळिशीनंतर कळलं.

बदनामीही सामानाबरोबर आलीच. पत्रिकेत मंगळ म्हटलं की मुलीच्या बापाचा चेहरा उतरतो. दुसरीकडे अंगारकीला गणपतीच्या देवळात मुंगी शिरायला जागा नसते, आणि अंगारक म्हणजे मंगळच. अमळनेरला मंगळग्रहाचं देऊळ आहे, तिथे मंगळवारी रांगा लागतात. भ्यायचंही आणि नवसही बोलायचा.

याला जोड देणारं एक ग्रीक स्तोत्रही आहे. होमरच्या नावावर खपणाऱ्या स्तोत्रांतलं आठवं, आरेसचं. ते होमरच्या नंतर पुष्कळ शतकांनी लिहिलेलं आहे हे भाषेवरून कळतं. त्यात आरेस सात ग्रहांच्या वाटेवर लाल गोळा फिरवतो, त्याला न्यायदेवता थेमिसचा साथीदार म्हटलंय, आणि भक्त मागतो काय? माझ्या डोक्यातला भेकडपणा काढ. लढाईकडे ओढणारा माझ्या काळजातला रागाचा भडका आवर. शांततेच्या निरुपद्रवी नियमांत टिकून राहायचं धैर्य दे.

युद्धदेवाकडे.

घोंगडं

आर! आमच्यात बैलाच्या पराणीला फुडं जो टोचायचा खिळा असतो त्याला आर म्हंतात. तिचा ह्यो न्हवं, पर टोचतोय सारकाच.

भरड

घोंगडं, संस्कृतात त्याला आरा म्हणतात, तो वेगळा शब्द. पण आजोबांना हे ऐकवायला हवं होतं.

ओसरी

दोन दिवस म्हटलं होतं, चार झाले.

ठिगळ यांचं बरोबर आहे. मी बदनामी सगळी कवींच्या माथी मारली, ते घाईचं होतं. इलियडमध्येच दोन आरेस आहेत. एक ऑलिंपसवरचा, ज्याला बाप झापतो, बहीण दगड मारून लोळवते (एकविसाव्या सर्गात तो पडतो तेव्हा सात प्लेथ्रा जमीन व्यापतो, म्हणजे दोनशे मीटरच्या वर). दुसरा मैदानातला, ज्याचं नाव योद्ध्यांना मानाने लावतात: आरेसला प्रिय, आरेसच्या बरोबरीचा, आरेसचा अंकुर. मेनेलाउसला तर उठता-बसता लावलंय. नावडत्या देवाचं नाव कोणी बिरुद म्हणून मिरवत नाही. झेनोफोनने ख्रिस्तपूर्व ४०१ च्या कुनाक्साच्या लढाईचं वर्णन केलंय, तिथे ग्रीक शिपाई धावून जाताना एनुआलिओसच्या नावाने आरोळी ठोकतात. त्या क्षणी त्यांना झ्यूसचं मत आठवत नसणार. आपल्याकडे 'हर हर महादेव' म्हणून धावणाऱ्याला विचारून बघा.

मग झ्यूसचा तिटकारा कुठून येतो? माझं आजचं मत: जो लढाई ठरवतो त्याला लढाईचा चेहरा समोर नको असतो. झ्यूस, हेरा, अथेना वर बसून शहरांचे सौदे करतात. आरेस खाली असतो, ओटीपोटात भाला खाऊन, आणि रक्त पुसायच्या आत वर येऊन दाखवतो. ते बघणं झ्यूसला जड जातं. हे होमरला कळत होतं की मी त्याच्या तोंडी घालतोय, सांगता येत नाही. पण अंजिराच्या चिकाची उपमा लिहिणारा माणूस बेसावध नसावा.

तिरपागडा, शब्द मोडल्याबद्दल तुमचा मुद्दा अजून उभा आहे. तो मी खोडला नाही.

तिरपागडा

नोंद घेतली आहे. पुढील लेखनास शुभेच्छा.

आडवाट

वाचनमात्र होतो. ज्यांना या आरेसचा चेहरा बघायचा असेल त्यांनी रोमला गेलात तर पलात्सो आल्तेम्प्समध्ये जा. तिथे 'आरेस लुदोविसी' म्हणून संगमरवरी पुतळा आहे, ग्रीक मूळ मूर्तीवरून रोमनांनी केलेला. तुटलेले भाग शिल्पकार बर्निनीने १६२२ मध्ये जोडले. मी आवेशात धावून येणारा कोणीतरी असेल म्हणून गेलो होतो. हा बसलाय. डावा गुडघा दोन्ही हातांनी धरून, तलवार हातात अशीच राहिलेली, ढाल बाजूला. पायाशी छोटा इरॉस, प्रेमाचा बालदेव, खेळतोय. नजर लांब कुठेतरी. दालनात त्या दिवशी गर्दी नव्हती.

कोकमकढी

आडवाट, त्याचा फोटो लेकीला दाखवला. तिने तो मोबाईलच्या वॉलपेपरला लावलाय. रविवारी मटण झालं. नवऱ्याला वरण-भात.